लांब गळ्याच्या रॅकेटचे गटिंग
(मंडळाच्या सभेतील भाषण)



मंडळाच्या कपाटातील ती लांब गळ्याची बॅडमिंटनची रॅकेट भंगारात काढायची असे घाटत आहे. दुकानदाराने ती हात न लावताच परत केली. पण तुटली आहे ती तार. चौकट शाबूत आहे.

आधी एक शंका दूर करते. अशी रॅकेट नियमबाह्य नाही. तारांचा भाग एरवी २८० मिलिमीटर लांब व २२० रुंद असावा, त्याहून मोठा नको. तारा गळ्यात उतरल्या तर लांबी ३३० पर्यंत चालते. मात्र गळ्यातला पट्टा ३५ हून रुंद नसावा.

आता गटिंग. जुन्या तारेचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा. कोणते भोक सोडले, गाठ कुठे, हे मागाहून आठवत नाही. मग उरलेल्या तारा मधून बाहेर कापाव्यात, उभी एक, आडवी एक. तुटक्या तारेची रॅकेट तशीच टांगून ठेवली तर चौकट एकीकडे ओढली जाते. यंत्राचा आधार गळ्याशी नीट बसतो ना, हे पाहावे. दुकानदार कचरतो तो इथेच. उभ्या तारा मधून सुरू करून एक डावीकडे, एक उजवीकडे अशा भराव्यात. आडव्या एक वर, एक खाली. बाज विणलेल्या हातांना हे काय शिकवायचे! ताण वीस पौंडांच्या आसपास पुरे. सव्वीसचा हट्ट मुलांनी आपापल्या रॅकेटवर पुरवावा.

चौकटीची लांबी-रुंदी आधी मोजून ठेवा व शेवटी पुन्हा मोजा. रविवारी चार वाजता मी यंत्र आणते. दहा मीटर तार तेवढी आणून ठेवा.