पडदा काळा, आवाज चालू

मैत्रिणींनो, मागे इथेच पनवेलला आम्ही फिल्म लावली. घरकामगार बाई बोलतेय, ऐकू येतंय, पण पडदा काळाकुट्ट! चेहरा दाखवायला ती महिनाभर विचार करून तयार झाली होती.

नव्या फोनने एच.२६५ पद्धतीत चित्रण केलं, आम्ही तेच ठेवलं. २०१३ची ही पद्धत तिथला जुना कॉम्प्युटर ओळखेना. एमपी४ हे नुसतं डब्याचं नाव, आत काय भरलंय ते वेगळंच. म्हणून फिल्म तयार करताना एमपी४मध्ये चित्र एच.२६४, आवाज एएसी, असंच निवडा. २००३ची ही पद्धत जवळपास सगळीकडे चालते. फाइल मोठी होते, होऊ दे. आणि तपासणी आपल्या लॅपटॉपवर नको, कार्यालयातल्या सर्वांत जुन्या मशीनवर करा.

त्या बाईला मी अजून काही सांगितलेलं नाही.