परत येण्याचा पुरावा
(धाड, जि. बुलढाणा येथील महिला मेळाव्यात केलेलं भाषण)



परदेशात एकटीने केलेल्या प्रवासाबद्दल बोल, असं मला सांगितलंय. विमान आणि बर्फ तुम्ही मोबाइलवर पाहताच. मला बोलायचंय ते कागदांबद्दल.

माझा जोडीदार (तुम्ही 'मालक' म्हणता, मी जोडीदार म्हणते, हसा खुशाल) युरोपातल्या एका देशात कारखान्यात नोकरीला आहे. मी इथे सासूबाईंसोबत शेती पाहते. 'तू कायमची का जात नाहीस?' हा प्रश्न रोजचा. त्याला तिथे काम आहे तसं मला इथे काम आहे, हे उत्तर कुणाला पटत नाही. १८८३ साली आनंदीबाई जोशी एकट्या अमेरिकेला शिकायला गेल्या आणि गोपाळराव मागे राहिले. नंतर ते त्यांच्याकडे गेले. मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियात आनंदीबाईंना डॉक्टरकीची पदवी मिळाली तेव्हा ते हजर होते. (गोपाळरावांच्या जाचाबद्दलही बोलायला हवं, पण ते पुन्हा कधी.)

सोयाबीन घरात आलं, हरभरा पेरून झाला की सासूबाई आणि एक गडी पाण्याला पुरतात. म्हणून मी हिवाळा निवडला. पाहुणी म्हणून जायला दर १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंतचा व्हिसा मिळतो. ३०,००० युरोंचा आजारपणाचा विमा, त्याचं बोलावणं, त्याच्या पगाराच्या चिठ्ठ्या, सगळं जोडलं. अर्ज भरणाऱ्या एजंटाने व्यवसायाच्या रकान्यात मला न विचारता लिहिलं, 'गृहिणी'. पाण्याची पाळी धरणारी, निंदणी-वेचणी करणारी, खत-बियाण्याचा हिशेब ठेवणारी बाई गृहिणी! अर्ज फेटाळला. फी बुडाली. कारणांच्या छापील यादीत एका ओळीपुढे खूण होती: ही बाई मुदतीत परत जाईल याची शंका वाटते.

म्हणजे, परत यावं असं हिचं इथे आहे काय? नोकरी नाही. घर सासऱ्यांच्या नावावर, जमीन सासऱ्यांच्या नावावर. मला संताप आला. पण त्या परक्या साहेबाला कागदावर जे दिसलं, तेच आपल्या तलाठ्याच्या दप्तरातही दिसतं.

माहेरच्या सातबाऱ्यावर मात्र वडिलांच्या मागे भावांबरोबर माझं नाव लागलं होतं. दर राखीला हक्कसोडपत्राचा विषय निघायचा. सही केली की माहेर टिकतं, असं आई म्हणायची. मी सही केली नाही. हिंदू कुटुंबातल्या मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर २००५ साली मिळाला. २००५ ला वडील हयात असायला हवेत असंही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं. आपल्या मुस्लिम मैत्रिणींचा कायदा वेगळा आहे. पण हिस्सा त्यांनाही आहे आणि सह्या त्यांच्याकडूनही मागतात.

पुढच्या हिवाळ्याला त्या उताऱ्याचं इंग्रजी भाषांतर अर्जाला जोडलं, माझ्या नावचं पासबुक जोडलं आणि रकान्यात स्वतःच्या हाताने 'शेतकरी' लिहिलं. व्हिसा आला. उताऱ्यामुळेच आला का, ते कुणी कळवत नाही. धाकटा भाऊ अजून बोलत नाही, हेही सांगते.

तिथे चार वाजताच अंधार पडायचा. तो पहाटे कामाला जायचा, मी दिवसभर खोलीत. पहिल्या आठवड्यात आम्ही कडाडून भांडलो. फोनवर धड भांडताही येत नाही हो, ऐन वेळी रेंज जाते! तो म्हणाला, 'इथेच राहा.' मी म्हटलं, 'तू चल.' दोघांनीही एकमेकांचं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, हे इतक्या वर्षांत पहिल्यांदा झालं. ठरलं मात्र काहीच नाही. अजूनही ठरलेलं नाही. हरभरा काढणीला आला तशी मी परत आले. गावात विचारणा झाली, 'टाकली का काय हिला?' जाते तेव्हा 'गेली', येते तेव्हा 'टाकली'. मधला शब्दच नाही.

दोन्ही अर्जांच्या आणि उताऱ्याच्या नकला मी आणल्या आहेत, चहाच्या वेळी पाहा. आणि जिच्या घरी हक्कसोडपत्र सहीसाठी तयार आहे, तिने आधी मला भेटावं.