पपईचे बी घरी धरताना



"साहेब, फळ गोड म्हणून बी धरलं, अन् निम्मी झाडं नर निघाली!" ही तक्रार नेहमी कानावर येते. वर्षाची मेहनत अशी वाया जाते.

पपईत नर, मादी आणि उभयलिंगी अशी तीन प्रकारची झाडे असतात. मादी फुलावर नराचा पराग पडला, तर त्या बियांपासून निम्मी झाडे नर व निम्मी मादी निघतात. उभयलिंगी फुलावर त्याच झाडाचा पराग पडला, तर साधारण तिनांत दोन झाडे उभयलिंगी व एक मादी येते. नर येतच नाही.

म्हणून कुर्ग हनी ड्यूसारख्या जातीचे, भरपूर लांबट फळे देणारे निरोगी उभयलिंगी झाड निवडा. कळी उमलण्याआधी तिच्यावर कागदी पिशवी बांधा. फळ धरले की पिशवी काढा, देठाला खुणेचा दोरा बांधा आणि त्याच फळाचे बी ठेवा. संकरित वाणाचे बी मात्र धरू नका; पुढच्या पिढीत झाडे एकसारखी येत नाहीत.

कडक उन्हाळ्यात उभयलिंगी झाडाची काही फुले फळ धरत नाहीत. तेवढ्यावरून झाड तोडू नका, बरं का!