ड्रमची काडी कशी निवडावी ?

वाद्य विकत घेतांना आपण चार दुकानें हिंडतों, जाणत्यांचा सल्ला घेतों, घरांत दोन दिवस खल करतों. पण तें वाद्य ज्या काडीनें वाजवावयाचें, ती मात्र दुकानदार देईल ती मुकाट्यानें पिशवींत टाकतों. व्हायोलिनच्या गजाबद्दल कोणी अशी बेफिकिरी करणार नाहीं. ड्रमच्या बाबतींत ती सर्रास चालते, आणि तिचा दंड शिकणाऱ्या मुलाच्या मनगटाला भरावा लागतो. म्हणून आज ह्या काडीविषयीं चार शब्द बोलण्याचें योजिलें आहे.

हा प्रश्न आपणांस अगदींच परका नाहीं. गणेशोत्सवांत ताशेवाल्याच्या हातीं दोन बारीक, लवचिक काड्या असतात. शेजारच्या ढोलावर पडणारें टिपरूं त्याहून पुष्कळ जाड असतें. त्यांची अदलाबदल करून पाहा. ताशाचा तडतडाट बसेल आणि ढोल मुका होईल. नाद वाद्यांतून निघतो खरा, पण त्याला रूप देते ती काडी. पाश्चात्य ड्रमसंचाची अडचण अशी, कीं तेथें ताणलेले पडदे आणि कांशाच्या थाळ्या ह्या दोहोंवर एकाच जोडीनें आघात करावयाचा असतो. तेव्हां ड्रमची काडी ही मुळांतच एक तडजोड आहे. आपल्या हाताला कोणती तडजोड मानवते, एवढेंच ठरवावयाचें.

प्रथम लांकूड पाहूं. बाजारांत मुख्यतः तीन प्रकार मिळतात : हिकरी, मेपल आणि ओक. हिकरीचें लांकूड अमेरिकेंत कुऱ्हाडी-हातोड्यांच्या दांड्यांसाठीं पूर्वीपासून नांवाजलेलें. तें चिवट असून आघाताचा धक्का पुष्कळसा स्वतःच सोसतें. म्हणूनच बहुतेक वादक त्याची निवड करतात. मेपल वजनाला हलकें. ज्याला मुठींत भरीव काडी हवी, पण भार नको, किंवा ज्याला मंद वाजवावयाचें आहे, त्याला तें मानवेल. मात्र जोराच्या वादनांत तें लवकर झिजतें. ओक जड आणि टणक. तें पुष्कळ दिवस टिकतें, परंतु धक्का हातापर्यंत अधिक पोंचवितें.

यानंतर काडीवरील आंकडा व अक्षर. सामान्यतः आंकडा लहान तितकी काडी जाड. अक्षरांचा उगम असा सांगतात, कीं ‘ए’ वाद्यवृंदासाठीं, ‘बी’ बँडसाठीं आणि ‘एस्’ रस्त्यावरच्या संचलनासाठीं. सर्वांत प्रचलित ‘५ ए’ ही सुमारें १६ इंच लांब व १४·४ मिलिमीटर जाड असते. ‘७ ए’ त्याहून बारीक, ‘५ बी’ सुमारें १५ मिलिमीटर, तर ‘२ बी’ जवळजवळ १६ मिलिमीटर. मिलिमीटरचा हा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो. तासभर वाजविल्यावर तोच बोटांना मोठा वाटूं लागतो. शिवाय हे आंकडे सर्व कारखान्यांत एकसारखे नसतात. म्हणून आंकड्यापेक्षां स्वतःच्या हातावर विश्वास ठेवावा.

काडीचें टोंकही बोलतें. गोल टोंकानें थाळीचा नाद स्वच्छ व नेमका उमटतो. थेंबाच्या वा ओकफळाच्या आकाराचें टोंक तो भरदार करतें. लांकडी टोंक कालांतरानें झिजून तुसें काढतें. त्यावर अमेरिकेंतील नायगरा फॉल्स येथील जो कॅलाटो ह्या वादकानें १९५८ सालीं नायलॉनचें टोंक शोधून काढलें. तें टिकतें, पण थाळीवर अधिक तीक्ष्ण वाजतें. ती तीक्ष्णता आवडणें न आवडणें हा कानाचा प्रश्न. टोंकामागची निमुळती मान लांब असेल, तर काडी चपळपणें उसळते. आंखूड असेल, तर पुढें भार येतो व काडी अधिक मार सोसते.

दुकानांत तीन परीक्षा कराव्या. पहिली, काडी कांचेवर किंवा सपाट मेजावर लोळवावी. ती थरथरली, तर वांकडी समजावी. दुसरी, लांकडाच्या रेषा पाहाव्या. त्या टोंकापासून बुडापर्यंत सरळ जावयास हव्यात. मध्येंच कडेला निघून गेल्या, तर काडी बहुधा तेथेंच मोडेल. तिसरी, दोन्ही काड्या एकामागून एक त्याच जागीं ठोकून स्वर ऐकावा, आणि हातांत तोलून पाहाव्या. बॉस्टन सिम्फनीचे टिंपनीवादक व्हिक फर्थ ह्यांनीं बाजारांतील काड्यांनीं समाधान न झाल्यामुळें १९६० नंतरच्या दशकांत स्वतःच काड्या करविल्या. वजन व स्वर जुळवून जोडी लावण्याची चाल त्यांच्या कारखान्यानें लोकप्रिय केली. जोडी विजोड असली, तर डावा-उजवा हात सारखा वाजणें कठीण, आणि दोष मात्र विद्यार्थ्याच्या माथीं येतो.

टिकाऊपणाची तक्रार करण्यापूर्वीं मोडलेली काडी नीट पाहावी. मानेजवळ ती कुरतडल्यासारखी दिसली, तर थाळीच्या धारेवर आडवा घाव बसत आहे. घाव थोडा तिरपा, निसटता घातला, कीं काडीही वांचते व थाळीही. पावसाळ्यांत काड्या ओलसर जागीं ठेवूं नयेत. दमट हवेनें त्या वांकतात. मात्र काडी मोडते म्हणून एकदम जाड काडी घेणें हा उपाय नव्हे. काडी हें झिजावयाचेंच साधन आहे. मनगट तसें नाहीं. फार जड काडीनें हात शिणतो, फार बारीक काडी बोटें आवळून धरावी लागते, आणि दोहोंचा शेवट दुखण्यांत होतो. मुलगा वा मुलगी हात दुखतो म्हणाली, तर त्याला आळस समजूं नये. वादन थांबवावें, पकड तपासावी, मग काडी बदलावी.

नवशिक्यानें हिकरीच्या ‘५ ए’पासून आरंभ करावा, हात लहान असेल तर ‘७ ए’पासून. एक जोडी अंगवळणीं पडेपर्यंत दुसरीकडे पाहूं नये. मुठीला जोर न लावतां जी काडी आपणहून उसळी घेऊन परत येते, ती आपली. ती सांपडली, म्हणजे नांव आणि किंमत ह्यांचा विचार मागाहून करावा.