लोकसंख्या व लोककल्याण

देशांत माणसें किती आहेत हें जनगणना सांगते. तीं कशीं जगतात हें जाणण्यास दुसरीं मापें लागतात. इंग्लंडांतील माल्थसनें १७९८ मध्यें असें प्रतिपादन केलें कीं, लोकसंख्या अन्नापेक्षां अधिक वेगानें वाढते व त्यामुळें दैन्य ओढवतें. महाराष्ट्रांत रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं या प्रश्नाची दुसरी बाजू पाहिली. त्यांनीं १९२१ मध्यें मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र काढलें आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' हें मासिक चालविलें. धान्याच्या हिशेबाइतकेंच स्त्रीचें आरोग्य व तिची इच्छा यांना महत्त्व आहे, हें त्यांनीं निंदा सोसून सांगितलें.

पुढें १९५२ मध्यें भारत सरकारनें कुटुंबनियोजनाचें कार्य हातीं घेतलें. १९५१ मध्यें ३६ कोटी असलेली लोकसंख्या २०११ मध्यें १२१ कोटींवर गेली. परंतु जन्माचा वेग ओसरला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणींत महाराष्ट्रांत दर स्त्रीमागें सरासरी १.७ अपत्यें आढळलीं. लोकसंख्या स्थिर राहण्यास २.१ हें प्रमाण लागतें. मग संख्या आटोक्यांत आली म्हणजे कल्याण साधलें, असें म्हणावें काय?

उत्तरासाठीं बीड जिल्ह्यांतील वडवणीकडे पाहावें. पाऊस बेभरंवशाचा, जमीन हलकी. दिवाळीच्या सुमारास वडवणी, धारूर, केज या भागांतील असंख्य कुटुंबें ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात. मुकादमाकडून आधीं उचल घ्यावयाची आणि ती फिटेपर्यंत राबावयाचें, असा हा व्यवहार. त्यांत मोजणी माणसांची नसते, कोयत्यांची असते. नवरा व बायको मिळून एक कोयता. जीव दोन, हिशेब एक.

या हिशेबाचे परिणाम घरांत शिरतात. एकट्या तरुणाचा अर्धाच कोयता, म्हणून त्याच्या लग्नाची घाई. आईबाप सहा महिने फडावर असतां वयांत आलेली मुलगी कोणाच्या भरंवशावर ठेवावी, म्हणून तिच्याही लग्नाची घाई. त्याच पाहणींत बीड जिल्ह्यांतील २० ते २४ वर्षांच्या शंभर स्त्रियांपैकीं चाळिसांहून अधिक जणींचीं लग्नें अठरा वर्षांच्या आंत झालेलीं आढळलीं. राज्यांत हें प्रमाण बाविसाच्या आसपास होतें. लवकर बाळंतपणें, जड मोळ्यांचें ओझें, पाण्याची व आडोशाची वाण, आणि खाडा केला तर दंड. २०१९ मध्यें जिल्ह्यांतील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हां त्यांपैकीं १३,८६१ जणींचें गर्भाशय काढलेलें आढळलें.

दुसरा आंकडा याहून मूक आहे. २००१ मध्यें बीड जिल्ह्यांत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागें ८९४ मुली होत्या. २०११ मध्यें ८०७ उरल्या. गर्भलिंगपरीक्षेस आळा घालणारा कायदा महाराष्ट्रानें १९८८ मध्येंच केला होता व देशानें १९९४ मध्यें केला. तरी हें घडलें.

म्हणजे जन्म घटण्याचे मार्ग दोन. केरळांत मुली शिकल्या, बाळंतिणीस दवाखाना जवळ मिळाला, आणि १९८८ च्या सुमारास तेथील जन्मप्रमाण २.१ च्या पातळीवर आलें. दुसरा मार्ग मुलीस जन्मूं न देण्याचा. दोहोंनीं संख्या घटते; कल्याण मात्र पहिल्यानेंच येतें.

उपाय अवघड असले तरी अज्ञात नाहींत. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीं ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना राज्यानें २०२१ मध्यें आखली. मुलगी अशा वसतिगृहांत राहून शिकली, तर तिच्या लग्नाची घाई सरते. बायकोची मजुरी तिच्याच नांवें जमा झाली आणि आजारपणाचा खाडा दंडावांचून मिळाला, तर तिच्या शरीरावर तिचा हक्क राहतो. शहरांतील घरोघरच्या चहांत पडणाऱ्या साखरेचा या हिशेबाशीं संबंध आहे, हें सुशिक्षित कुटुंबांनीं विसरूं नये.

जनगणनेचा कारकून वडवणींतील झोपडीच्या दारीं जातो, तेव्हां नवरा व बायको हीं दोन माणसें म्हणूनच लिहितो. उसाच्या फडावरही तीं दोनच धरलीं जातील, त्या दिवशीं लोकसंख्येच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर सांपडलेलें असेल.