सस्तन प्राण्यांचा पाठ : आरंभ गोठ्यापासून

(केंद्रातील शिक्षकांच्या परिषदेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



सस्तन प्राण्यांचा पाठ आपल्या वर्गांत बहुधा व्याख्येपासून सुरू होतो. "पिलांना जन्म देतात व दूध पाजतात ते सस्तन" हे वाक्य मुले घडाघडा म्हणतात. परंतु वटवाघूळ कोण, असे विचारताच त्यांतील कित्येक 'पक्षी' असे उत्तर देतात. व्याख्या मुखोद्गत झाली, विषय मात्र आकळला नाही. वस्तुतः परभणी जिल्ह्यातील ज्या मुलाच्या दारी शेळी किंवा म्हैस आहे, त्याने या पाठाचा मोठा भाग प्रत्यक्ष पाहिलेलाच असतो. त्या पाहण्याला शास्त्राची शिस्त लावणे, हे आपले काम होय.

प्रथम शब्द फोडून सांगावा. स्तनासहित तो सस्तन. शब्द उच्चारताना शिक्षकाने संकोच केला, तर मुले हसतात. शिक्षक सहजपणे बोलला, तर मुलेही सहजपणे ऐकतात. नंतर मुलांना जवळच्या गोठ्यात न्यावे. शेळीला सड दोन, गाय व म्हैस यांना चार, हे त्यांनी स्वतः मोजावे. करडू उभे राहताच सड शोधते. कोंबडीचे पिलू मात्र स्वतःच दाणे टिपते. हा भेद डोळ्यांनी पाहिला की विसरत नाही. दुसरी खूण केसांची. पक्ष्याला पिसे, माशाला खवले, सस्तनाला केस. दूध आणि केस या दोन खुणा मुलांच्या मनात पक्क्या कराव्यात.

येथे दोन बाबतींत सावध राहावे. पिलांना जन्म देणे ही सस्तनांची निर्णायक खूण नव्हे. आपल्या शेतातील घोणस अंडी न घालता पिलांना जन्म देते, तरी ती सापच. उलट ऑस्ट्रेलियातील प्लॅटिपस अंडी घालतो. पण मादी पिलांना दूध पाजते, म्हणून तो सस्तन. तसेच उष्ण रक्त ही खूणही पुरेशी नाही. पक्षीही उष्ण रक्ताचेच असतात.

आता फसविणारी उदाहरणे घ्यावीत. वटवाघळाचे पंख म्हणजे लांबलेल्या बोटांमधील कातडीचा पडदा होय. त्याच्या अंगावर केस असतात आणि पिलू आईच्या छातीला बिलगून दूध पिते. मात्र मुलांनी वटवाघळे दुरूनच पाहावीत, हात लावू नये. देवमाशाच्या नावात मासा आहे. पण तो फुप्फुसांनी श्वास घेण्यासाठी पाण्यावर येतो व त्याची मादी पिलाला दूध पाजते. खवल्या मांजराचे खवले आपली नखे ज्या द्रव्याची असतात त्याच द्रव्याचे असून, त्याच्या पोटावर केस आढळतात. एखादा चौकस मुलगा विचारील, "पारवाही पिलांना दूध देतो ना?" त्याला शाबासकी द्यावी आणि सांगावे, की तो पदार्थ गळ्यातील पिशवीत तयार होतो व नर-मादी दोघेही तो भरवितात, स्तनांतून येणारे दूध ते नव्हे.

या पाठाचा घरीही उपयोग व्हावा. गाय-म्हैस व्याली की खरवसाची ओढ सर्वांनाच असते. परंतु वासराला रोगप्रतिकाराची शक्ती गर्भात आईकडून जवळजवळ मिळत नाही; ती पहिल्या चिकातून मिळते. चिकातील ती द्रव्ये शोषून घेण्याची वासराची क्षमता तासागणिक घटते व सुमारे चोवीस तासांत संपते. म्हणून जन्मानंतर पहिल्या एक-दोन तासांतच वासरास, रेडकास पोटभर चीक पाजावा आणि उरलेल्याचा खरवस करावा. ही गोष्ट चौथीतील मुलीने घरी सांगितली, तर एखादे वासरू वाचेल.

पाठाच्या अखेरीस मुलांकडून गावातील सस्तन प्राण्यांची यादी फळ्यावर लिहवून घ्यावी. गाय, म्हैस, शेळी, कुत्रा, मांजर, उंदीर, खार, वानर अशी नावे येतील. मग थांबून विचारावे, "कोणी राहिले का?" 'माणूस' हे नाव शिक्षकाने सांगू नये, मुलांना ते सुचेपर्यंत धीर धरावा. ज्या वर्गात ते नाव मुलांच्या तोंडून येईल, त्या वर्गाला हा पाठ समजला, असे मी मानीन.