हृदयाचे भरणे आणि रक्तदाबाचा भार

हृदयाला पंपाची उपमा देण्याचा प्रघात जुना आहे. ती खरी असली तरी अपुरी आहे. रक्त बाहेर टाकणे हे हृदयाचे अर्धे काम होय; प्रत्येक ठोक्यानंतर सैल होऊन पुन्हा भरणे हे उरलेले अर्धे. मिनिटाला 75 ठोके पडत असतील तर एका ठोक्याला 0.8 सेकंद मिळतो. त्यातील सुमारे 0.3 सेकंद आकुंचनात जातो व उरलेल्या 0.5 सेकंदात हृदय सैल होऊन भरते.

हे सैल होणे आपोआप घडत नाही. आकुंचनासाठी स्नायुपेशीत मोकळे झालेले कॅल्शियम पुन्हा पेशीतील कोठारात नेऊन ठेवावे लागते आणि त्यास ऊर्जा लागते. म्हणजे विश्रांतीसाठीही हृदयाला श्रम पडतात.

ज्या दाबाविरुद्ध हृदयाला रक्त बाहेर ढकलावे लागते, त्या भाराला वैद्यकात ‘आफ्टरलोड’ म्हणतात. विहिरीवरील मोटेचा दाखला येथे लागू पडतो. मोट ओढताना बैल थकले, तर ते मागे परतण्यास वेळ लावतात. मोट पाण्यात उशिरा उतरते आणि पुरती भरत नाही. रक्तदाब वाढला की अशक्त हृदयाची हीच गत होते. निरोगी हृदय वाढलेला भार बऱ्याच अंशी सहन करते. दुर्बल हृदयात मात्र आकुंचन लांबते, सैल होण्याची गती मंदावते आणि पुढील भरण जास्त दाबाखाली होऊ लागते. वयोमानाने रोहिण्या ताठर झाल्या, तर दाबाची परतलाट रक्त बाहेर पडत असतानाच हृदयापाशी येऊन पोहोचते व हा भार आणखी वाढवते.

भरणाचा दाब वाढला की तो मागे फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांपर्यंत पोहोचतो. चालताना धाप लागते, उताणे झोपवत नाही, पायांवर सूज येते. विशेष हे की, हृदयविफलतेच्या जवळजवळ निम्म्या रुग्णांत हृदयाची रक्त बाहेर टाकण्याची क्षमता तपासणीत ठीक आढळते. दोष भरण्यात असतो. अशा रुग्णाची धाप ‘वयाची’ समजून दुर्लक्षिली जाण्याचा धोका मोठा आहे.

हा भार ओळखण्याचे साधन साधे आहे. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याची पद्धत इटलीतील रिवा-रोची यांनी 1896 साली मांडली. आज 140/90 वा त्याहून अधिक दाब वारंवार आढळल्यास तो सामान्यतः उच्च रक्तदाब मानला जातो. भारतातील उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम 2017 साली ज्या पाच राज्यांत प्रथम हाती घेण्यात आला, त्यांत महाराष्ट्र होता.

उच्च रक्तदाबाला बहुधा कोणतेही दुखणे नसते. म्हणूनच बरे वाटताच गोळ्या सोडण्याकडे कल होतो. परंतु गोळी थांबली की भार परततो, आणि हृदय दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा तो उचलत राहते. ग्रामसभेच्या दिवशी आरोग्य केंद्राच्या साहाय्याने तिशीवरील ग्रामस्थांचा रक्तदाब मोजणे, औषधे खंडित न होऊ देणे, मिठाचे प्रमाण दिवसाला 5 ग्रॅमच्या आत ठेवण्याची सवय शाळेतूनच लावणे आणि धाप लागणाऱ्या वृद्धास वेळीच डॉक्टरांकडे नेणे, ही कामे पंचायत सदस्य व शिक्षक यांच्या आवाक्यातील आहेत. हृदयावरील भार हलका झाला, तरच त्याला भरण्यास उसंत मिळेल.